पेलेटचा बंब आणि घरगुती बॉयलर : काजळी, धूर आणि चिमणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेलेट म्हणजे पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) किंवा लाकडाचा भुसा दाबून केलेले जळणाचे दाणे. ते ज्या भोकांच्या भांड्यात जळतात, ती वाटी. ही माहिती दोन प्रकारच्या उपकरणांसाठी आहे. एक म्हणजे खालून पेलेटचा बर्नर जोडलेला नेहमीचा बंब. दुसरं म्हणजे हॉपर (जळणाची पेटी), जळण पुढे ढकलणारा स्क्रू आणि ब्लोअर (हवा फुंकणारा पंखा) असलेला छोटा बॉयलर, जो मोठ्या घरात, वसतिगृहात किंवा मंगल कार्यालयात आंघोळीचं पाणी तापवतो. दोन्हींत जळण तेच आणि काजळीची कारणंही तीच. फरक असेल तिथे वेगळं सांगितलं आहे.

बॉयलर काजळी धरू लागला म्हणजे नेमकं काय बिघडलं?

पेलेट तापला की आधी त्यातून जळाऊ वायू निघतात, मग उरलेला कोळसा जळतो. ते वायू गरम जागी, पुरेशा हवेत पूर्ण जळले तर काजळी राहत नाही, बारीक करडी राख तेवढी उरते. हवा कमी पडली, ज्योत थंड पत्र्याला टेकली किंवा पेलेट ओला असला की वायू अर्धवट जळतात आणि कार्बन पत्र्याला चिकटतो.

काजळीतून उष्णता सहज जात नाही. थर वाढला की तीच उष्णता पाण्यात न जाता चिमणीवाटे जाते. जळण वाढतं, तरी पाणी कोमटच. शिवाय थराने वाट अरुंद होते, ओढ (चिमणीची धूर वर खेचण्याची ताकद) कमी होते, हवा आणखी कमी पडते आणि काजळी आणखी वाढते. म्हणून आठ दिवस ठीक चाललेला बॉयलर नवव्या दिवशी एकदम धुरकटतो.

हवेचा नॉब फिरवण्याआधी काय बघायचं?

काजळी बघा. बॉयलर थंड करा, मागचं झाकण उघडा, पत्र्यावर बोट फिरवा आणि उजेडात या. निम्मं निदान त्या बोटावर असतं.

बोटावर करडी किंवा तपकिरी पावडर आली, फुंकल्यावर उडाली, तर ती उडती राख आहे. पऱ्हाटीच्या पेलेटमध्ये ती येणारच. झाडून काढा, बाकी कशाला हात लावू नका.

काळी, मऊ, मखमलीसारखी आली आणि बोट धुतल्यावरही रेषांत काळेपणा राहिला, तर हवा कमी पडते आहे. वाटीची भोकं बुजली असतील, ब्लोअर मंदावला असेल किंवा जळण जास्त पडत असेल.

काळी चकचकीत, डांबरासारखी चिकट आणि जळकट आंबूस वासाची असेल तर पेलेट ओला आहे किंवा बॉयलर फार थंड चालतो आहे. तिन्हींत ही सगळ्यांत वाईट. ती ब्रशने निघत नाही आणि चिमणीत पेट घेते.

काळ्या थरात पांढरे-पिवळसर खवले दिसले तर जळणात क्षार जास्त आहेत, किंवा प्लायवूडचा रंगीत, गोंद लावलेला भुसा मिसळलेला आहे. तसला पेलेट पत्रा खातो. स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची?

साफसफाई, मग जळण, मग हवाबंदपणा, आणि शेवटी हवेचा नॉब. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. धूर दिसला की ब्लोअर वाढवतात, दोन दिवस बरं वाटतं, मग तोच धूर परत. भोकं बुजलेल्या वाटीला जास्त वारा दिला तर वारा मोकळ्या राहिलेल्या चार भोकांतून जोरात जातो, तिथलं जळण उडवतो आणि बाकीचं धुमसत ठेवतो.

एका वेळी एकच बदल करा आणि बॉयलर तापलेला असताना १५–२० मिनिटं थांबून ज्योत बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

वाटीत दगडासारखे गोळे होतात. ते काय आहे?

ते खंगर. राख वितळून घट्ट झालेली असते. स्वच्छ लाकडाची राख सहसा १२०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर वितळते. पोटॅश जास्त असलेल्या पिकांच्या राखेत माती मिसळली की ती ८०० ते १००० अंशांतच मऊ होते, आणि तेवढं तापमान वाटीत सहज असतं.

आपल्याकडे खानदेशात ही अडचण जास्त येण्याचं कारण शेतात आहे. पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटतात. मुळांना काळी माती लागलेली असते आणि ती तशीच कुट्टी मशिनमध्ये जाते. बुंध्यापासून कापलेल्या पऱ्हाटीचा पेलेट आणि उपटलेल्या पऱ्हाटीचा पेलेट दिसायला सारखे असतात, वाटीत मात्र फरक लगेच कळतो. पेलेटवाल्याकडे जाल तेव्हा माल कसा येतो, मुळं झटकतात का, हे विचारा. तुराट्यांचा किंवा सागवानी भुशाचा पेलेट मिळाला तर उत्तमच. निम्मा पऱ्हाटी, निम्मा भुसा असं मिश्रणही चालतं.

रावेर-यावलकडे केळीच्या खांबांचे पेलेट करता येतील का, असं कुणीतरी विचारतंच. खांबात पाणी प्रचंड आणि पोटॅशही प्रचंड. वाळवायला महिने जातील आणि वाटीत खंगराची वीट होईल. खांब शेतात कुजवलेलाच बरा.

खंगर रोज काढा, पण थंड झाल्यावर. तापलेल्या वाटीवर पाणी टाकून तोडायला जाल तर बिडाची वाटी तडकते. भोकं मोकळी करायला भोकाच्या मापाचा खिळा किंवा जुना ड्रिल बिट हाताने फिरवा. भोक मोठं करू नका. ४ मिलिमीटरचं ५ झालं की हवेचा सगळा हिशेब बदलतो.

पेलेट चांगला आहे की नाही, घरी कसं ओळखायचं?

एक किलो पेलेट रव्याच्या चाळणीतून हलक्या हाताने चाळा. खाली पडलेला भुगा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. २० ग्रॅमच्या आत असेल तर घ्या. ५० ग्रॅमच्या वर गेला तर नको, कारण भुगा वाटीत पडल्या पडल्या भपकन जळतो, हवा गिळतो आणि काजळी सोडतो.

दुसरी चाचणी पाण्याची. ग्लासात दोन-तीन दाणे टाका. घट्ट दाबलेला पेलेट बुडतो आणि मग फुगून विरघळतो. तरंगत राहिला तर तो सैल दाबलेला आहे, वाहतुकीत भुगा होणार. ग्लासाच्या तळाशी खडे किंवा वाळू साचली तर माती कुठून येते तेही कळलं.

ओलावा बघायचा असेल तर बरोबर १०० ग्रॅम पेलेट ओव्हनमध्ये १०५ अंशांवर तीन तास ठेवा आणि परत तोला. ९० ग्रॅम किंवा जास्त भरले तर ओलावा १० टक्क्यांच्या आत, म्हणजे ठीक. ओव्हन नसेल तर दाणा मोडून बघा. कोरडा पेलेट कट्ट आवाज करून तुटतो, ओला वाकतो किंवा चुरा होतो.

राखेचा अंदाजही ठेवा. लाकडी भुशाच्या १० किलो पेलेटची राख साधारण १०० ते २०० ग्रॅम होते, पऱ्हाटीच्या १० किलोंची ३०० ते ६०० ग्रॅम. त्याहून जास्त निघत असेल तर तुम्ही पेलेटच्या भावात माती घेता आहात.

पावसाळ्यात हमखास धूर होतो. काय करावं?

पेलेट हवेतलं पाणी ओढतो. नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडे जुलैत उघडं पोतं आठवड्यात मऊ पडतं. धुळे-जळगावकडे पाऊस कमी असला तरी भिंतीला टेकवलेलं पोतं खालून ओल धरतंच. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेलीच घ्या आणि हॉपरमध्ये दोन दिवसांपुरताच माल भरा. फुगलेले दाणे उन्हात वाळवून उपयोग नाही. ओलावा जातो, पण दाबलेली घडण परत येत नाही आणि स्क्रूमध्ये भुगा अडकतो. असले पेलेट चुलीत संपवा.

ज्योत कशी दिसायला हवी?

पिवळी-नारिंगी, उजळ, नाचरी, टोकाला स्वच्छ. ज्योत लालसर, लांब, आळशी असेल आणि टोकातून काळी रेघ निघत असेल तर हवा वाढवा किंवा जळण कमी करा. ती आखूड, पांढरट, फुरफुरणारी असेल आणि ठिणग्यांबरोबर अर्धवट जळलेले दाणे वाटीबाहेर पडत असतील तर हवा जास्त आहे.

एक किलो पेलेट जाळायला साधारण ४ घनमीटर हवा लागते. प्रत्यक्षात ६ ते ७ द्यावी लागते, कारण सगळी हवा जळणापर्यंत पोचत नाही. बॉयलर बंद खोलीत असेल तर ही हवा येणार कुठून? खिडकी बंद, दाराखाली गोणपाट, आणि मग धूर का होतो म्हणून डोकं खाजवणं चालू. जमिनीलगत किमान वीत-दीड वीत लांबी-रुंदीची कायम उघडी जाळी हवी.

ब्लोअर चालू आहे, तरी हवा कमी पडते. का?

पंख्याच्या पात्यांवर राख आणि सरकीच्या तंतूंचा थर बसतो. पातं थोडं जाड झालं तरी हवा बरीच घटते. वायर काढा, पंखा उतरवा, जुन्या टूथब्रशने पाती घासा. तेल-ग्रीस लावू नका, धूळ आणखी चिकटते. पाती स्वच्छ असूनही पंखा सुरू होताना अडखळत असेल किंवा हाताने ढकलल्यावर फिरत असेल तर कंडेन्सर गेला आहे. त्याच मापाचा नवा घाला, अंदाजाने मोठा नको. शेतवस्तीवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाही पंखा मंदावतो आणि नेमकी त्याच वेळेला काजळी होते. रात्री दहानंतर ज्योत आपोआप सुधारत असेल तर दोष बॉयलरचा नाही.

पेटवताना खोलीभर धूर होतो.

पाच-दहा मिनिटं पांढरा धूर होणं स्वाभाविक आहे, चिमणी अजून थंड असते. तो कमी करायचा तर वाटीत मूठभरच पेलेट घ्या, वर तुराटीचे चार तुकडे आणि कापराच्या दोन वड्या ठेवा. ज्योत पकडली की मग जळण सोडा. आधीच वाटी भरली तर वरचे दाणे धुमसतात आणि वायू जमतात. मग एकदम भपका होऊन झाकण उडू शकतं. जळण साचलं असेल आणि ज्योत नसेल तर वाकून आत बघू नका. ब्लोअर पाच मिनिटं चालवून वायू बाहेर काढा, वाटी रिकामी करा आणि पुन्हा सुरुवात करा.

रॉकेल, डिझेल, टायरचा तुकडा, प्लॅस्टिकची पिशवी यांनी पेटवू नका. महिनाभराची काजळी दोन मिनिटांत तयार होते.

चिमणी किती उंच आणि कशी असावी?

ब्लोअर असलेल्या छोट्या बॉयलरला १०० मिलिमीटर व्यासाचा पाइप सहसा पुरतो. नुसत्या ओढीवर चालणाऱ्याला १२५ ते १५० लागतो. काटकोनी वळणं दोनपेक्षा जास्त नकोत, आडवा पाइप एक मीटरपेक्षा लांब नको आणि तोही बाहेरच्या दिशेने किंचित चढता हवा. तळाला टी (T आकाराचा जोड) आणि उघडता येणारं झाकण ठेवा, नाहीतर झाडलेली काजळी परत बॉयलरमध्ये पडेल.

पाइपाचं टोक, १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा किमान २ फूट वर हवं. धाब्याच्या (सपाट छताच्या) घरात नेमकी इथेच चूक होते. पाइप धाब्याच्या वर दोन फूट काढलेला असतो, पण कठडा तीन फुटांचा. वारा कठड्यावरून घसरून पाइपात शिरतो. एका ठराविक दिशेचा वारा असला की धूर उलटतो अशी तक्रार असेल तर आधी कठडा मोजा.

उन्हाळ्यात ओढ खरंच कमी होते. ती आतल्या गरम वायूच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर चालते. चिमणीत १४० अंश असतील तर पहाटे १० अंशांच्या थंडीत जेवढी ओढ मिळते, त्यापेक्षा भुसावळच्या ४४ अंशांच्या दुपारी ती जवळपास एक तृतीयांशाने कमी मिळते. जानेवारीत जमवलेला डॅम्पर (ओढ कमी-जास्त करणारी पाइपातली झडप) मेमध्ये तसाच ठेवून चालत नाही.

दिवाळीनंतर पहिल्यांदा पेटवताना पाइपात टॉर्च मारून बघा. साळुंकीचं घरटं, गांधीलमाशीचं पोळं, काही ना काही सापडतंच.

चिमणीच्या सांध्यातून काळं पाणी गळतं. पावसाचं पाणी आहे का?

पाऊस नसतानाही गळत असेल तर नाही. एक किलो पेलेट जळला की अर्धा लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन निघतं. वायू साधारण ५० अंशांच्या खाली गेले की ती वाफ पत्र्यावर द्रव होते, काजळीत मिसळते आणि आम्लधर्मी काळं पाणी वाहतं. साधा पत्रा दोन-तीन हंगामांत चाळणी होतो.

कारणं दोन. बॉयलर अगदी मंद, धुमसत चालवला जातो, किंवा बाहेरचा पाइप उघडा असल्याने थंड होतो. मंद चालवण्यापेक्षा थोडा वेळ पूर्ण ताकदीने चालवा, पाणी तापवा आणि बंद करा. बाहेरच्या पाइपाला २५ मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी खनिज लोकर) गुंडाळून वर पत्रा लावा. पाणी फिरतं ठेवणारा बॉयलर असेल तर परत येणारं पाणी ५५ अंशांच्या वर ठेवा. पाइपाचे तुकडे जोडताना वरच्या पाइपाचं टोक खालच्याच्या आत घाला. पाणी आतल्या आत तळाला जातं, भिंत काळी होत नाही.

गच्चीवर बिबडे-पापड वाळत घातले की काळे कण पडतात.

फाल्गुन-चैत्रात हा प्रश्न घरोघरी. कण बोटात चुरून बघा. चुरडून काळे डाग पडले तर काजळी, करडी पावडर झाली तर राख, कडक राहिले तर पत्र्याचे गंजलेले खवले. काजळी असेल तर वर सांगितल्याप्रमाणे हवा आणि वाटी बघा. राख असेल तर ब्लोअर गरजेपेक्षा जोरात आहे. बिबडे घालायच्या आदल्या दिवशी चिमणी झाडू नका. झाडल्यानंतर पहिल्या पेटवणीत सैल झालेले कण तासभर उडत राहतात. नंदुरबारकडे मिरचीची पथारी चिमणीच्या वाऱ्याखाली पसरली असेल तर पथारीची जागाच बदलायला हवी. टोपीला जाळी लावून कण अडत नाहीत. जाळीच बुजते आणि धूर घरात येतो.

हॉपरमधून धूर येतो. धोका आहे का?

आहे. आग स्क्रूवाटे मागे सरकत असू शकते. जळण पुरवठा बंद करा, ब्लोअर चालू ठेवा आणि वाटीतलं जळू द्या. हॉपर उघडून बघण्याचा मोह आवरा, उघडलं की आत हवा जाते. थंड झाल्यावर तीन गोष्टी तपासा. झाकणाचं गास्केट (फट बंद करणारी दोरी), स्क्रूमध्ये अडकलेला भुगा आणि बुजलेली चिमणी. गास्केटसाठी वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार बंद करा. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथून हवा गळते. १० किंवा १२ मिलिमीटरची ग्लास फायबरची दोरी आणि उष्णता सोसणारं सिमेंट एवढ्यात काम होतं. सांधे तपासायला पेटलेली उदबत्ती सांध्याभोवती फिरवा आणि धूर कुठे ओढला जातो ते बघा.

मधेच लाईट गेली तर?

ब्लोअर थांबतो, वाटीतले दाणे मात्र धुमसतच राहतात. तो धूर चिमणीत थंड होऊन चिकट थर धरतो, किंवा उलटा हॉपरकडे जातो. भारनियमन ठरलेलं असेल तर वीस मिनिटं आधी जळण थांबवा. घरातला इन्व्हर्टर एवढा छोटा पंखा सहज ओढतो. निदान पंख्याची वायर तरी त्यावर घ्या. लाईट आल्यावर आपोआप सुरू होणारा बॉयलर असेल तर आधी वाटी रिकामी आहे का ते बघा.

किती जळण लागायला हवं? आम्हाला जास्त लागतं असं वाटतं.

मोजता येतं. १०० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला २५०० किलोकॅलरी लागतात. पेलेटमध्ये किलोला ३८०० धरल्या आणि ६० टक्के पाण्यात पोचल्या, तर १.१ किलो पेलेट पुरतो. तुम्हाला दीड-पावणेदोन किलो लागत असेल तर काजळी किंवा पाण्याच्या बाजूचे क्षार खात आहेत. बोअरच्या जड पाण्याने आतून चुन्याचा थर चढतो आणि तोही काजळीसारखाच उष्णता अडवतो. बाहेरून स्वच्छ करूनही फरक पडला नाही तर आतून बघा.

चिमणीच्या सुरुवातीला थर्मामीटर लावून घेतलात तर रोजची चिंता मिटते. छोट्या बॉयलरला १२० ते १८० अंश ठीक. साफ केल्यानंतरचा आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवा. त्याच्या ३०–४० अंश वर गेला की झाडायची वेळ झाली.

किती दिवसांनी काय साफ करायचं?

वाटी रोज. राखेचा ट्रे पऱ्हाटीवर दोन दिवसांनी, भुशाच्या पेलेटवर चार-पाच दिवसांनी. आतल्या नळ्या आठवड्यातून एकदा, नळीच्या मापाच्या तारेच्या ब्रशने. ब्रश पूर्ण आरपार न्या, मधेच उलटा ओढलात तर तारा वाकतात आणि ब्रश अडकतो. चिमणी हंगामात दोनदा. बंबात मधली नळीच चिमणी असते. ती वरून झाडा आणि खाली राखेच्या जागी ओलं फडकं ठेवा. धूळ नाकात जाणार नाही असा मास्क लावा, साधा रुमाल पुरत नाही.

चिकट थर असेल तर घासत बसू नका. कोरडा पेलेट घालून दोन-तीन दिवस बॉयलर नीट गरम चालवा. थर वाळून खवल्यांसारखा सुटतो, मग झाडा.

बंब बाथरूममध्ये ठेवला तर चालेल का?

नाही. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नसला तरी वाटीतले निखारे तो सोडत राहतात. डोकं दुखणं, मळमळ, हातपाय गळणं ही पहिली लक्षणं, आणि थंडीत दार बंद करून आंघोळ करणाऱ्याला ती अशक्तपणासारखी वाटतात. कुणी असं सापडलं तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत ठेवा आणि गरम पाणी नळाने आत घ्या. बंबाची वाफेची वाट कधीही बुचाने बंद करू नका, पाणी लवकर तापावं म्हणूनसुद्धा.

चिमणीत घरघर आवाज आला, पाइप लाल झाला. आता?

आतला थर पेटला आहे. जळण बंद, ब्लोअर बंद, हवेची सगळी झाकणं बंद. चिमणीत पाणी ओतू नका. वाफेने पाइप फुटतो. जवळ कडबा, पोती, पऱ्हाटीचा ढीग असेल तर तो हलवा आणि धाब्याच्या लाकडांवर लक्ष ठेवा. आग पसरते आहे असं वाटलं तर १०१. विझल्यावर पाइप तपासून, गरज पडली तर बदलूनच पुन्हा पेटवा.

राखेचं काय करायचं?

झाकणाच्या लोखंडी बादलीत, मोकळ्या जागी, तीन-चार दिवस ठेवा. राखेखाली निखारा तेवढा वेळ टिकू शकतो, आणि प्लॅस्टिकच्या घमेल्यातून उकिरड्यावर टाकलेल्या राखेनेच गंजी पेटतात. थंड राख चाळून शेतात टाकता येते, तिच्यात पोटॅश असतं. पण ती क्षारयुक्त असते, तेव्हा चोपण जमिनीत नको आणि युरियात मिसळून तर अजिबात नको, नत्र वायू होऊन उडून जातं. चिमणीची काळी काजळी मात्र राखेत मिसळू नका. ती वेगळी पुरा.